पितृऋणाची उलटी खतावणी

१८२४ सालच्या वसंत ऋतूत, लंडन शहरातील एका सरकारी मूल्यमापकाच्या दारी, बारा वर्षांचा एक मुलगा आपला नेहमीचा साधा पोशाख घालून उभा होता. बाप कर्जापायी दिवाणी कैदेत पडला होता. नादारीच्या कायद्याचा आश्रय घेऊन त्याला सुटावयाचे होते. आणि अशा कर्जदाराच्या कुटुंबापाशी अंगावरील कपडे व किरकोळ चीजवस्त मिळून वीस पौंडांहून अधिक किमतीचा ऐवज असता कामा नये, असा दंडक असल्यामुळे या पोराच्या अंगावरील कपड्यांचीही किंमत ठरावयाची होती. मुलाच्या खिशात आजीने दिलेले चांदीचे एक जाडजूड घड्याळ होते, आणि वाटेने येताना त्याच्या मनाला एकच घोर लागून राहिला होता की, हे घड्याळ हिशेबात धरले तर बेरीज वीस पौंडांवर जाऊन बापाची सुटका आपल्यामुळे अडणार तर नाही ना. अंमलदार तोंडातला घास चावीत चावीतच बाहेर आला, त्याने मुलाकडे एकवार पाहिले, ठीक आहे, असे बऱ्या शब्दांत सांगितले, आणि मुलगा लवून अभिवादन करून, छातीवरचे ओझे उतरल्यासारखा, रस्त्याला लागला.

त्या मुलाचे नाव चार्ल्स डिकन्स. पुढे त्याने चौदा पूर्ण आणि एक अपूर्ण अशा पंधरा कादंबऱ्या लिहिल्या, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगात त्याच्याएवढे लोकांचे प्रेम क्वचितच कोणा कादंबरीकाराला लाभले. पण त्या घड्याळाची धास्ती त्याच्या मनातून कधी काळी समूळ गेली असेल, असे त्याच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला वाटत नाही. मनुष्य जन्मतो तो देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे माथ्यावर घेऊनच जन्मतो, असे आपले धर्मशास्त्र सांगते. म्हणजे आईबाप धनको आणि अपत्य ऋणको, ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, ती उलटीही असू शकेल, हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. डिकन्सने ही खतावणी उलट्या बाजूने लिहिली. त्याच्या कादंबऱ्यांतून आईबाप हेच मुलांचे देणेकरी असतात, ते देणे बहुधा थकलेले असते, आणि वसुलीची फिर्याद लावण्याऐवजी मूल ती सारी बाकी माफ करून टाकते. ही माफी थोर आहे हे तो सांगतोच. परंतु ती माफ करणाऱ्याला केवढ्याला पडते हेही तो जाणतो, आणि माझ्या मते त्याच्या वाङ्मयातील सर्वांत खोल पाणी याच ठिकाणी आहे.

बाप जॉन डिकन्स हा आरमार खात्याच्या पगार-कचेरीत कारकून होता. मनाचा उमदा, बोलण्यात अघळपघळ, आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र जागणारा, आणि पैशाच्या व्यवहारात मात्र पुरता ढिला, असा तो गृहस्थ होता. चॅटम येथील नोकरीची चार-पाच वर्षे चार्ल्सच्या आयुष्यातील सोन्याची वर्षे ठरली. शाळा होती, पुस्तके होती, आणि बापाचे बोट धरून केलेले लांब लांब फेरफटके होते. १८२२ साली बदली होऊन कुटुंब लंडनला आले आणि तेथे देण्याचा डोंगर अंगावर कोसळू लागला. चार्ल्सची शाळा सुटली. घरातील पुस्तके विकावयास त्यालाच पाठविण्यात येऊ लागले. आईने एक मोठे घर भाड्याने घेऊन मुलींची शाळा काढण्याचा बेत केला, दारावर पितळी पाटी लागली, चार्ल्सने घरोघर जाहिरातीचे कागद टाकले; पण शिकावयास कोणीही आले नाही. अखेर २० फेब्रुवारी १८२४ रोजी एका पाववाल्याच्या चाळीस पौंड दहा शिलिंगांच्या देण्यापायी जॉन डिकन्सला अटक झाली, आणि थेम्स नदीच्या दक्षिणेकडील मार्शल्सी नावाच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली.

त्या काळच्या इंग्लंडातील हा कायदा आज समजावून घ्यावा लागतो. धनकोने फिर्याद करावी, न्यायालयाने हुकूम द्यावा, आणि ऋणकोला देणे फिटेपर्यंत कोंडून ठेवावे, अशी रीत होती. मात्र कोंडलेल्या मनुष्याने कमवावे कोठून आणि फेडावे कशातून, याचा विचार त्या रीतीत नव्हता, आणि म्हणून अगदी क्षुल्लक रकमेसाठी माणसे वर्षानुवर्षे आत खितपत पडत. कैद्याचे कुटुंब आत येऊन राहू शके, बाहेर जाऊन परत येऊ शके; रात्री दहा वाजता दरवाजा बंद होई. डिकन्सची आई धाकट्या मुलांना घेऊन तुरुंगात राहावयास गेली, आणि चार्ल्सची सोय बाहेर एका भाड्याच्या खोलीत करण्यात आली. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण तो तुरुंगात आईबापांबरोबर करी. सावकाराचा माणूस दारी येऊन बसला म्हणजे घरातील लेकराच्या मनाचे काय होते, हे 'श्यामची आई' वाचलेल्या मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. येथे तर सारे घरच कर्जाच्या पोटात जाऊन बसले होते.

बापाला पकडण्याच्या थोडे दिवस आधी, बारावा वाढदिवस होतो न होतो तोच, चार्ल्सला एका नातलगाच्या ओळखीने बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलेले होते. नदीकाठची पडकी, उंदरांनी बुजबुजलेली इमारत. आठवड्याला सहा शिलिंग मजुरी. आणि काम असे की, पॉलिशच्या बरण्यांच्या तोंडावर प्रथम तेलकट कागद, त्यावर निळा कागद ठेवावयाचा, सुतळीने बांधावयाचा, कडा कातरून सारख्या करावयाच्या आणि वर छापील चिठ्ठी डकवावयाची. दिवसाचे दहा तास हेच चालावयाचे. पुढे कारखाना दुसऱ्या जागी गेल्यावर ही मुले रस्त्यालगतच्या खिडकीत बसून इतक्या चपळाईने बरण्या बांधीत की, जाणारे येणारे लोक पाहावयास थांबत. आणि एके दिवशी अशीच गर्दी असताना त्याने आपल्या बापाला दारातून आत येताना पाहिले, तेव्हा हे दृश्य याला पाहवते तरी कसे, असा प्रश्न त्याच्या मनात आला. हा प्रश्न त्याने त्या वेळी विचारला नाही. पुढे आयुष्यभर तो कादंबऱ्यांतून विचारीत राहिला.

याच कारखान्यात बॉब फेगिन नावाचा एक मुलगा होता, आणि सुतळीची गाठ मारण्याची हातोटी त्याने चार्ल्सला शिकविलेली होती. चार्ल्सच्या कुशीत एकदा कळ आली, तेव्हा या बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याला शेक दिला, आणि संध्याकाळी घरापर्यंत पोहोचवावयासही तो निघाला. घर म्हणजे तुरुंग. ते सांगावयाचे कसे? चार्ल्सने पुलापलीकडे एका भलत्याच घराच्या पायरीवर उभे राहून त्याचा निरोप घेतला, आणि बॉब मागे वळून पाहील या भीतीने दार वाजवून, बॉब फेगिन येथेच राहतात काय, अशी चौकशी त्या घरातल्या बाईपाशी केली. या भल्या पोराचे नाव पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील पोरांना चोरी शिकविणाऱ्या म्हाताऱ्याला मिळाले. आजारात मायेने शेक देणाऱ्याचे नाव त्याने अशा पात्राला द्यावे, याचे मला पूर्वी फार वाईट वाटे. आता वाटते की, त्या मुलाला बॉबची माया नकोशी नव्हती. ती माया ज्या जागी मिळाली त्या जागेचाच त्याला इतका तिटकारा होता, की तेथले काहीही त्याच्या आठवणीत निर्मळ उरले नाही.

आजीच्या मृत्युपत्रामुळे थोडा पैसा येणार होता. नादारीचा अर्जही मंजूर झाला, आणि तीन महिन्यांनी बाप सुटला. मुलगा मात्र कारखान्यातच राहिला. थोरली बहीण फॅनी संगीताच्या राजमान्य विद्यालयात शिकत होती. त्या जूनमध्ये तिला बक्षीस मिळाले तेव्हा चार्ल्स समारंभाला गेला होता, आणि त्या रात्री, आपल्याला या अवहेलनेतून उचलावे, अशी देवाची प्रार्थना करीत तो झोपी गेला. शेवटी बापाचे त्या नातलगाशी भांडण झाले आणि मुलाला घरी धाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी आईने जाऊन भांडण मिटविले, आणि मुलाला पुन्हा कामावर घेण्याचे कबूल करून घेतले. बाप म्हणाला, मुलगा जाणार नाही, शाळेत जाईल. आईने त्याला परत पाठविण्याचा आग्रह धरला, ही गोष्ट डिकन्स आयुष्यभर विसरला नाही, आणि आपण ती विसरणे शक्य नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

येथे त्या आईची बाजू मांडल्यावाचून मला पुढे जाववत नाही. नवरा तुरुंगातून नुकता सुटलेला, लहान लहान मुले पदराला, शाळा काढण्याचा उद्योग फसलेला. सहा-सात शिलिंगांची रोकड मजुरी तिच्या हिशेबाला केवढी होती, हे मुलाला कळण्याचे वय नव्हते, आणि वय झाल्यावर कळूनही त्याने ते मानले नाही. बापाच्या ढिलाईमुळे सारे घडले, तरी बापाने शाळेचे एक वाक्य उच्चारले आणि तो सुटला. आई घर सावरीत होती आणि दोषी ठरली. डिकन्सच्या कादंबऱ्यांतील बापांना क्षमा मिळते. आयांना ती फार थोड्या वेळा मिळते. 'निकोलस निकल्बी'मधील बडबडी आई त्याने आपल्या आईवरूनच घेतली, आणि त्या बाईने ती वाचून, अशी स्त्री जगात असेल काय, असे विचारले. 'ब्लीक हाउस'मधील मिसेस जेलिबी आफ्रिकेच्या उद्धाराची पत्रे लिहीत बसते आणि तिचे पोर जिन्यावरून गडगडत खाली येते. 'लिटल डॉरिट'मधील मिसेस क्लेनम दुसऱ्याच्या वाटणीचा कागद वर्षानुवर्षे दडपून ठेवते. हे पारडे समतोल नाही, आणि मोठा लेखक झाला म्हणून लहानपणी बसलेली प्रत्येक गाठ त्याला सोडवता येतेच असे नाही.

ही सारी हकीकत त्याने बायकोमुलांपासूनही लपवून ठेवली होती. १८४७ च्या सुमारास जॉन फॉर्स्टर या मित्रापाशी ती प्रथम बाहेर पडली, आत्मचरित्राचा एक खर्डा तयार झाला, पण तो पुढे सरकेना. आणि मग त्यातील मजकूर १८४९–५० मध्ये 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये ओतला गेला. पॉलिशच्या बरण्यांच्या जागी दारूच्या बाटल्या आल्या. सर्वांत सूक्ष्म फेरफार मात्र पुढचा आहे: डेव्हिडला त्याने पोरका केले, आणि आपला कर्जबाजारी बाप त्याला बाप म्हणून न देता मिकॉबर नावाचा घरमालक म्हणून दिला. वर्षाला वीस पौंड मिळकत असून खर्च त्याहून सहा पेन्स कमी असेल तर सुख, आणि एका शिलिंगाने अधिक असेल तर सर्वनाश, हा उपदेश जॉन डिकन्सने तुरुंगात आपल्या मुलाला साश्रु नयनांनी केलेला होता. तोच मिकॉबरच्या तोंडी गेला आणि जगभर गाजला. नाते काढून घेतले, आणि मग त्या माणसावर निखळ माया करता आली. ज्याचे आपले काही देणे नाही, त्याच्या गुणदोषांकडे किती प्रसन्न दृष्टीने पाहता येते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. प्रत्यक्षात बाप पुढेही सुधारला नाही. १८३४ साली त्याला पुन्हा अटक झाली, पुढे मुलाच्या नावावर तो उसनवारी करू लागला, आणि त्याची देणी आपल्यावर बंधनकारक नाहीत, अशी जाहीर नोटीस १८४१ साली मुलाला वर्तमानपत्रांतून द्यावी लागली.

आरंभीच्या कादंबऱ्यांवर मी फार थांबत नाही. तेथे वाईट पालक फार वाईट आणि चांगले पालक देवदूतासारखे. एकाच्या हातून सुटून मूल दुसऱ्याच्या हाती पडले की प्रश्न मिटतो. 'दि ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधील नेल मात्र आपल्या जुगारी आजोबाचा हात धरून त्याला गावोगाव नेते, आणि तेथे प्रथम लेकरू हे वडीलधाऱ्याचे आईबाप होते. हे बीज पुढे झाडासारखे वाढले.

१८४६ ते १८४८ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'डोंबी अँड सन' या कादंबरीचे नावच एका पेढीचे आहे. मिस्टर डोंबीला मुलगा हवा तो पेढीच्या नावातला दुसरा शब्द सार्थ व्हावा म्हणून. मुलगी फ्लॉरेन्स ही त्याच्या लेखी बाजारात न चालणारे खोटे नाणे. चिमुकला पॉल एके संध्याकाळी शेगडीपाशी खुर्चीत बसून बापाला विचारतो की, पैसा म्हणजे काय. आणि पैशाने सारे काही करता येते, असे उत्तर मिळाल्यावर तो शांतपणे पुढचा प्रश्न करतो की, मग माझ्या आईला पैशाने का वाचविले नाही. पॉलच्या मृत्यूचा भाग लिहून झाल्यावर डिकन्स पॅरिसच्या रस्त्यांवरून रात्रभर भटकत राहिला होता. पुढे पेढी बुडते, दिवाळे निघते, आणि ज्या मुलीला बापाने हात उगारून मारले व घराबाहेर जाऊ दिले, तीच परत येऊन त्याच्या पायांशी बसते आणि उलट त्याचीच क्षमा मागते. या शेवटाने माझे डोळे भरून येतात, आणि तरीही तो मला पटत नाही. धनकोने ऋणकोपुढे हात जोडावेत, याला क्षमा म्हणता येईल काय? डिकन्सलाही हे पुरते पटले नसावे, कारण सात-आठ वर्षांनी त्याने हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि या वेळी तो थेट मार्शल्सीत जाऊन मांडला.

'लिटल डॉरिट' डिसेंबर १८५५ ते जून १८५७ या काळात हप्त्याहप्त्याने निघाली. तिचा नायक म्हणावा तर विल्यम डॉरिट. हा गृहस्थ वीस वर्षांहून अधिक काळ कर्जापायी मार्शल्सीत आहे, आणि तेथला सर्वांत जुना कैदी म्हणून 'मार्शल्सीचे वडील' ही पदवी त्याला मिळालेली आहे. ती तो एखाद्या जहागिरीसारखी मिरवितो. नवे कैदी त्याच्या मुजऱ्याला येतात. सुटून जाणारे त्याच्या हातात चार नाणी ठेवून जातात, आणि तो ती भीक म्हणून घेत नाही, नजराणा म्हणून स्वीकारतो. धाकटी मुलगी एमी तुरुंगातच जन्मली. ती बाहेर जाऊन शिवणकाम करते, दुपारी मिळालेले जेवण स्वतः न खाता पदराआड बापासाठी आणते, आणि आपण कामाला जातो हे बापाला माहीत नाही असे सर्वांनी धरून चालावे, याची काळजी घेते. कारण त्याच्या मुलीने मजुरी करणे हे त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. बाप खातो, जाणतो, आणि जाणत नसल्याचे दाखवितो. ही फसवणूक दोघे मिळून चालवितात, आणि ती चालविण्याचे सारे कष्ट एकटी मुलगी करते. मूल आईबापांची लाज राखण्यासाठी किती खोटे बोलते, हे बॉब फेगिनचा भलत्याच दारी निरोप घेतलेल्या मुलाने लिहिले आहे.

अनपेक्षित वारसा मिळून डॉरिट सुटतो, तेव्हा एमी एक प्रश्न विचारते. तिला हे समजत नाही की, बापाने इतकी वर्षे आत घालविली, इतके भोगले, आणि आता शेवटी सारे कर्ज पैशानेही का फेडावे. आयुष्यानेही फेडले, पैशानेही फेडावयाचे, हे तिला कठीण वाटते. ऐकणारा आर्थर, मिसेस क्लेनमने वाढविलेला मुलगा, मनात म्हणतो की, तुरुंगाचा डाग या मुलीवर एवढाच काय तो पडलेला आहे. मला आर्थरपेक्षा एमीचे म्हणणे अधिक खरे वाटते. कायद्याची भाषा तिला येत नाही, पण जमेच्या बाजूला तेवीस वर्षे कोणीच मांडलेली नाहीत, हे तिने अचूक पाहिलेले आहे.

आणि मग रोममधील ती मेजवानी. श्रीमंत झालेला डॉरिट उंची वस्त्रे घालून प्रतिष्ठितांच्या पंक्तीला बसलेला आहे, आणि जेवता जेवता त्याचे मन फिरते. तो उठतो, समोरच्या सरदार-सावकारांना मार्शल्सीतील कैदी समजून तुरुंगाच्या वतीने त्यांचे स्वागत करतो, नजराण्याची रीत समजावून सांगतो, आणि कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या पहारेकऱ्याला हाका मारतो. सारी सभा काढता पाय घेते. एमी तेवढी जागची हलत नाही. बापाचा हात धरते, त्याला खोलीत नेते, आणि तो मरेपर्यंत त्याच्या लेखी ती खोली म्हणजे मार्शल्सीच राहते. तिने त्याला सुधारले नाही, त्याच्याकडून पश्चात्तापाचा एक शब्दही वदवून घेतला नाही. फ्लॉरेन्सला बाप परत मिळाला. एमीला काहीही परत मिळत नाही, आणि तरी ती खाते मिटवून टाकते. कादंबरीच्या अखेरीस एका मृत्युपत्राचा जो दडविलेला पुरवणी-कागद सापडतो, त्यान्वये एक हजार गिनी एमीला मिळावयाच्या असतात. आर्थरशी लग्न होण्याच्या सकाळी ती एक घडी केलेला कागद त्याच्या हाती देते आणि तो न वाचता आगीत टाकावयास सांगते. आर्थर तसे करतो. हक्काचा दस्तऐवज जळून राख होतो, आणि ज्याच्या आईने तो दडपला त्याला तो काय होता हे कळतही नाही.

ही कादंबरी संपविण्यापूर्वी, मे १८५७ मध्ये, डिकन्स मार्शल्सीची जागा पाहावयास गेला. तुरुंग १८४२ सालीच बंद झाला होता. काही भिंती आणि खोल्या शिल्लक होत्या. तेथे एक अगदी लहानगा पोरगा, आपल्याहून फार लहान नसलेले एक थोराड बाळ कडेवर घेऊन, त्या जागेची माहिती त्याला सांगू लागला. प्रस्तावनेत डिकन्सने या मुलाचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, १८६०–६१ मध्ये, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आली, आणि तीत डिकन्सने आपल्या खतावणीचे पान पुन्हा एकदा फिरविले. येथे थकबाकीदार मूल आहे. पिप हा पोरका मुलगा. त्याला वाढविले बहिणीच्या नवऱ्याने, जो गार्जरी या लोहाराने. अक्षरशत्रू, बलदंड, शब्दांनी अडखळणारा जो हा डिकन्सने निर्माण केलेला सर्वांत चांगला बाप आहे, आणि तो रक्ताचा बाप नाही. अज्ञात दात्याच्या पैशाने पिप लंडनला जाऊन साहेब बनतो, आणि जो त्याला भेटावयास येतो, तेव्हा जोला आपली टोपी कोठे ठेवावी हे कळत नाही. तो ती शेगडीवरील फळीच्या टोकाला ठेवतो, ती पडते, तो झेलतो, पुन्हा ठेवतो, ती पुन्हा पडते. आणि पिपला त्या टोपीची लाज वाटत राहते. आईबापांचा पोशाख, त्यांचे बोलणे, त्यांचा चहा पिण्याचा आवाज यांची शहरात शिकलेल्या मुलाला वाटणारी लाज ज्याने कधी अनुभवली असेल, त्याला हे पान वाचताना मान वर करवणार नाही.

पिपचा खरा दाता मॅगविच. लहानपणी दलदलीत ज्याला त्याने भाकरी दिली तो फरारी कैदी, ज्याने ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखून मिळविलेली पै न पै या मुलाला साहेब करण्यात घातली, आणि जो स्वतःला पिपचा दुसरा बाप म्हणवितो. पिपला प्रथम त्याची किळस येते. शेवटी भर न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यालगत उभा राहून तो त्याचा हात हातात धरतो. दुसऱ्या अंगाला मिस हॅविशॅम आहे. तिने दत्तक घेतलेल्या एस्टेलाला पुरुषांचा सूड घेण्यासाठी निर्दय बनविले, आणि म्हातारपणी तीच तिच्यापाशी प्रेमाची याचना करते. तेव्हा एस्टेला न चिडता तिला सांगते की, तू दिलेले सारे तुला परत देईन, पण जे तू मला कधी दिलेच नाहीस ते माझ्यापाशी मागू नकोस. पितृऋणावर इतके चोख उत्तर दुसऱ्या कोणा अपत्याने दिलेले माझ्या वाचनात नाही.

पैसा जातो, पिप तापाने फणफणतो, आणि एका जवाहिऱ्याच्या देण्यापायी त्याला पकडावयास माणसे येतात. शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी जो बसलेला असतो. पूर्वीच्याच मायेने तो त्याला भरवितो, उचलून उन्हात नेतो. पण पिपच्या अंगात शक्ती येऊ लागते तसतसा तो पुन्हा 'साहेब' म्हणू लागतो आणि एके पहाटे न सांगता निघून जातो. मागे एक चिठ्ठी आणि तीत घडी करून ठेवलेली पावती: एकशे तेवीस पौंड पंधरा शिलिंग सहा पेन्स, चुकते. बापाच्या कर्जासाठी मुलाने अंगावरील कपडे दाखवावयास जावे, या १८२४ मधील प्रसंगाची छत्तीस-सदतीस वर्षांनी त्याने अशी उलट बाजू लिहिली. बापाच्या ठिकाणी असलेल्या माणसाने मुलाचे देणे गुपचूप भरावे, आणि आभारही घ्यावयास थांबू नये.

डिकन्स स्वतः दहा मुलांचा बाप होता, आणि १८५८ साली त्याने पत्नीला वेगळे केले. लहानग्यांशी तो फार रमे. मुलगे मोठे होऊ लागले, आणि त्यांच्यात आपल्या बापाची ढिलाई दिसू लागली, की तो अस्वस्थ होई आणि त्यांना दूर देशी पाठवून देई. धाकटा एडवर्ड सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियास गेला. वॉल्टर १८५७ साली, सोळाव्याच वर्षी, कंपनी सरकारच्या फौजेत हिंदुस्थानात आला, येथे कर्जबाजारी झाला, आणि ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्याच्या इस्पितळात वारला. बातमी लंडनला पोहोचली ती ७ फेब्रुवारीला, डिकन्सच्या वाढदिवसाच्या दिवशी; त्याच्या पाठचा भाऊ फ्रान्सिस त्याला भेटावयाच्या आशेने तोपर्यंत हिंदुस्थानच्या वाटेला लागलेला होता. १८६४ साली सुरू झालेल्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये बाहुल्यांचे कपडे शिवणारी एक पांगळी पोरगी आपल्या दारुड्या बापाला वाईट मूल म्हणून रागे भरते, कोपऱ्यात बसविते, आणि तो रस्त्यात मरून पडल्यावर त्याच्या मातीच्या खर्चासाठी बाहुल्यांचे पोशाख शिवीत बसते. तिच्याविषयी मी आणखी काही लिहीत नाही, ते वाचावे.

१८६९ साली इंग्लंडातील कर्जाची कैद कायद्याने बहुतांशी रद्द झाली. त्याच वर्षीच्या नाताळात, गॅड्स हिल येथील घरी, मुले आणि पाहुणे स्मरणशक्तीचा एक खेळ खेळत बसले होते. खेळाचा नियम असा की, प्रत्येकाने आधीच्यांचे सारे शब्द क्रमाने म्हणून त्यात आपला एक घालावयाचा. डिकन्स त्या दिवशी थकलेला, पाय दुखत असल्यामुळे कोचावर आडवा झालेला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने सारी माळ बिनचूक म्हटली आणि शेवटी डोळ्यांत विलक्षण चमक आणून, आवाज थोडा बदलून, आपले शब्द जोडले: वॉरनचे पॉलिश, ३०, स्ट्रँड. हेन्री नावाच्या मुलाने ती नजर आणि तो आवाज ध्यानात ठेवला. पण तो पत्ता कोणत्या कारखान्याचा, हे वडील जाऊन फॉर्स्टरने लिहिलेले चरित्र हाती येईपर्यंत मुलांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. शेजारच्याची पाळी आली, आणि खेळ पुढे चालू राहिला.